५२ चं टार्गेट घेतलं आणि आता बारीक पुस्तकं शोधत फिरतेय. तुम्ही लोक मोजता कसं?

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी. जानेवारीत उत्साहाच्या भरात यंदा ५२ पुस्तकं वाचायची असं ठरवून बसले. आठवड्याला एक. बदलापूर ते सीएसएमटी जाऊन येऊन रोजचे जवळपास तीन तास लोकलमध्ये जातात, त्यामुळे वाटलेलं की आरामात होतील. आता सप्टेंबर संपत आला, म्हणजे ३९ व्हायला हवी होती आणि झालीयेत ३१. ॲप उघडलं की पहिलं तेच दिसतं, तुम्ही ८ पुस्तकं मागे आहात. ऑफिसात तेच ऐकायचं, सोसायटीच्या मेन्टेनन्सचंही तेच, आता वाचनातही माझी थकबाकी.

पण मागे पडले म्हणून नाही लिहीत आहे. झालंय काय की गेले दोन महिने मी वाचनालयात कपाटासमोर उभी राहून पुस्तकाचं नावच बघत नाहीये, जाडी बघतेय. करंगळीएवढं असलं की घेतलं. रंगनाथ पठाऱ्यांचं सातपाटील कुलवृत्तांत जूनमध्ये हौसेने विकत आणलं, आठशेच्या आसपास पानं आहेत, मस्त चाललेलं, आणि जुलैत हिशोब केला की हे संपेपर्यंत दुसरी पाच होतील आणि हे धरलं जाणार एकच. ठेवून दिलं. पान २१२ मध्ये एसटीचं तिकीट खोचलेलं आहे ते अजून तिथेच.

आता गंमत बघा. बारीक म्हणून रणांगण उचललं. विश्राम बेडेकर, १९३९. दोन दिवसात उडवू असा विचार. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, हेर्टा आणि आपला चक्रधर. वाचून दोन दिवसातच झालं पण नंतर चार दिवस दुसरं काही हातातच धरवेना, कल्याण येईपर्यंत नुसती बाहेर बघत बसायचे. म्हणजे आठवडा गेलाच. आणि याच्या उलट एक हल्लीची गाजलेली कादंबरी, नाव नाही घेत, दीड दिवसात वाचली, यादीत टिकमार्क आहे, चार तारे पण दिलेत मी, आणि परवा मैत्रिणीने विचारलं कशी आहे तर मला नायिकेचं नाव आठवेना. काय अर्थ आहे याला.

तर प्रश्न असे की तुम्ही मोजता काय नक्की? लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे चार भागात आलं होतं, मी एकत्र वाचलं, ते एक की चार? (चार म्हणा प्लीज.) दिवाळी अंक धरायचा का? ऐकलेलं पुस्तक? परत वाचलेलं? आणि मत कुठे लिहून ठेवता, कारण ते तारे नंतर बघितले तर मलाच काही सांगत नाहीत.

एक्सेलवाला

मी पुस्तकं मोजणं २०२२ लाच सोडलं, पानं मोजतो. रोज १५ पानं, वर्षाची ५४७५. जाड बारीक भेदभाव नाही, सातपाटील वाचलं तर पावणेदोन महिन्यांची सोय झाली समजायचं. स्टोरीग्राफ ॲपवर पानांचं टार्गेट लावता येतं, ऐकत असाल तर तासांचंही. पण मी शीटमध्येच ठेवतो, कारण आधी ज्या ॲपवर होतो तिथे मराठी पुस्तकांचा नुसता गोंधळ. एकच पुस्तक एकदा देवनागरीत, एकदा रोमन स्पेलिंगने, त्यातही मधला एक 'ए' जास्त घालून तिसऱ्यांदा, तिघांची मतं तीन ठिकाणी, आणि जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो त्यामुळे स्कॅन करायचा प्रश्नच नाही, हाताने टाइप करा. मुखपृष्ठाच्या जागी करडा चौकोन.

पानांच्या सिस्टिमचे तोटेही सांगून ठेवतो. एक, वाईट सवयी लागतात. मी एकदा परिशिष्ट, सूची आणि प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादीसुद्धा धरली होती, बायकोने पकडलं. दोन, जुन्या आवृत्तीत बारीक टाइप आणि नव्या आवृत्तीत मोठा, सेम पुस्तक ७० पानांनी वाढतं. तीन, कविता. एका पानावर आठ ओळी, अर्धा तास त्याच पानावर, आणि शीट म्हणते आज फक्त ४.

स्मृतिचित्रे एकच. सॉरी.

शून्यातून_बारा

सगळे आकड्याच्या मागे लागलेत म्हणून आकड्याच्या बाजूने बोलतो. कॉलेज सुटल्यापासून २०२१ पर्यंत मी एकही पुस्तक पूर्ण केलं नव्हतं, एकही, आणि कोणी विचारलं की वाचनाची आवड आहे म्हणायचो. मग १२ चं टार्गेट घेतलं. डिसेंबरच्या २८ तारखेला ११ झालेली आणि बारावं श्यामची आई होतं, घरातच होतं म्हणून. ३१ ला रात्री सव्वाअकराला संपलं, लोक खाली केक कापत होते आणि मी वर गॅलरीत डोळे पुसत होतो. आकडा नसता तर मी तेव्हा रील बघत असतो, पैजेवर सांगतो.

बाय द वे त्यातच वाचलं की साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ ला संपवलं. पाच दिवस. लिहायला. मी आधी दोनदा वाचायला घेऊन महिना महिना लावलेला आणि तरी अर्धवट.

त्यामुळे ताई आकड्याला शिव्या घालू नका, आकडा कमी करा. ५२ कोणी सांगितलं होतं?

खिडकीची_सीट

@शून्यातून_बारा कोणीच नाही हो, इन्स्टावर एक मुलगी १०० वाचते ते बघून निम्मं तरी करू म्हटलं. वर दोन बोनस.

रंकाळ्यावरचा

मी जरा सविस्तर लिहितो, रिटायर्ड माणूस आहे, वेळच वेळ.

माझ्याकडे १९९१ पासूनची वही आहे. दोनशेपानी, पुठ्ठ्याची, आता तिसरी चालू आहे. तेव्हा टार्गेट वगैरे भानगड नव्हती. वही धरायचं कारण वेगळंच. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचो आणि घरी आल्यावर वीसेक पानांनी लक्षात यायचं की हे तर वाचलंय. असं चारदा झालं. मग वहीत चार रकाने आखले. तारीख, पुस्तक, लेखक आणि चौथा रकाना 'परत वाचेन का', त्यात होय किंवा नाही. बास. तारे नाहीत, दहापैकी साडेसात नाही. साडेसात म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही.

त्या चौथ्या रकान्याची करामत सांगतो. नेमाड्यांची कोसला माझ्या वहीत तीनदा आहे. १९९१ ला पुढे लिहिलंय 'नाही' आणि त्याखाली रागाने रेघ मारलेली आहे, रेघ कागद फाटेपर्यंत. तेव्हा मी तिशीत होतो, दोन पोरं, हप्ते, आणि हा त्यातला नायक सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्यात राहून वर कुरकुरतोय असं वाटलं होतं. मग २००३ ला थोरला पोरगा इंजिनिअरिंगला पुण्यात गेला, त्याचे फोन यायचे ते असेच, उदास, काय होतंय सांगता येत नाही असे. तेव्हा परत आणलं. पुढे लिहिलंय 'होय'. २०१९ ला तिसऱ्यांदा, तिथेही 'होय', आणि शेजारी बारीक अक्षरात 'मनी गेल्याचा भाग सोडून'. मनी म्हणजे सांगवीकरची धाकटी बहीण, तो भाग मला परत वाचवणार नाही. पुस्तक १९६३ चं आहे तसंच आहे. तीन नोंदी एकत्र बघितल्या की पुस्तकापेक्षा माझंच जास्त कळतं. त्यामुळे परत वाचलेलं धरायचं का या प्रश्नाला माझं उत्तर, तेच आधी धरा.

दुसरी एक गोष्ट, जुन्या वाचनालयात जाणाऱ्यांना माहीत असेल. वही नसलेली मंडळी काय करायची, तर प्रत्येकाचं एक ठरलेलं पान असायचं आणि त्यावर पेन्सिलीने खूण. कुणाचं २१ वर फुली, कुणाचं ५० वर टिंब, एक बाई होत्या त्या ९९ वर बारीक तुळशीचं पान काढायच्या. पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं पान उघडायचं, खूण दिसली की परत कपाटात. ग्रंथपाल ओरडायचे पण करायचे सगळेच. काही जण मतही तिथेच देऊन मोकळे. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं 'खून मेव्हण्याने केला आहे. उगाच वेळ घालवू नये.' हे आमचं रिव्ह्यू सेक्शन बघा.

वर्षाची किती होतात ते मी कधी मोजलं नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून आत्ता वही काढून मोजली. सर्वात जास्त १९९८ ला, ७१. सर्वात कमी २०१२ ला, ६. त्या वर्षी आई अंथरुणाला होती. ती सहाही तिच्या उशाशी बसून वाचलेली आहेत आणि सहाच्या सहा आठवतात.

वऱ्हाडातला

काका लई भारी. वही धरतोच आता.

माझं उलट आहे, मी यंदा टार्गेट ठेवलं २० चं आणि पाचवरच अडकलो कारण उद्धव शेळक्यांचं धग. १९६० चं पुस्तक. आमच्याच भागातलं, आमच्याच बोलीत, आणि लाज वाटते सांगायला पण इतकी वर्ष नुसतं नाव ऐकून होतो. वाचायला घेतलं तर मनातल्या मनात वाचताच येईना, त्यातली वऱ्हाडी तोंडाने बोलूनच वाचावी लागते तेव्हा खरी लागते. मी मोठ्याने वाचत होतो तर माय आतून आली, म्हणे कोण आलं रे? तिला वाटलं गावाकडचं कोणीतरी बसलंय. मग रोज रात्री जेवण झालं की तिला चार चार पानं वाचून दाखवायला लागलो. कौतिकचा नवरा कामाला लागत नाही, मग त्याचं ते दुखणं, ती एकटी ओढत राहते, माय मध्येच थांबवायची आणि म्हणायची अशी आमच्या गल्लीत एक होती, आणि मग तिची स्टोरी अर्धा तास. दोन महिने लागले. मत काय देऊ, पाचपैकी पाच, पण त्यातले दोन मायचे.

आता माझा प्रश्न, तिनं ऐकलं तर तिचं एक धरायचं ना? चौथीपर्यंत शिकलेली आहे. मी तिच्या नावाने शीट केली तर पहिली एन्ट्री हीच.

एक्सेलवाला

@वऱ्हाडातला धरायचं. वर वाद घालणाऱ्याला माझ्याकडे पाठव.

कडवट_कॉफी

ऐकलेलं धरता, मग दिवाळी अंक का नाही म्हणे? यावर माझं आणि माझ्या बुक क्लबचं भांडण झालेलं आहे. अडीचशे पानं असतात, त्यात दोन लांब कथा, एक मुलाखत, एक प्रवास, चांगला अंक वाचायला आठवडा जातो. १९०९ ला का. र. मित्रांनी मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे लोक दिवाळीत फराळाबरोबर हेच खातायत, आणि इंग्रजी ॲपला ते मासिक वाटतं म्हणून आपण धरायचं नाही? मी धरते. एक अंक एक पुस्तक. जाहिराती सोडून वाचला असेल तरच, आणि राशिभविष्य वाचून 'वाचला' म्हणणाऱ्यांना बाद.

मूळ प्रश्नकर्तीला एक खोचक प्रश्न. चार तारे दिलेस आणि नायिकेचं नाव आठवत नाही, मग दिलेस का? मला विचारशील तर बहुतेक जण तारे पुस्तकाला देतच नाहीत, वाचून संपवल्याबद्दल स्वतःला देतात. माझ्या लिस्टमध्ये पण बघितलं आत्ता, सोडलेल्या पुस्तकांना एक-दोन तारे आणि संपवलेल्या सगळ्यांना चार. कमाल आहे ना, मी संपवलेलं प्रत्येक पुस्तक चांगलं कसं.

खिडकीची_सीट

@कडवट_कॉफी आई गं. लागलं पण खरंय. आता बसून ३१ च्या ३१ बघितली. २४ ना चार तारे आहेत. आणि रणांगणला पण चारच दिलेत मी!! त्या बिननावाच्या कादंबरीएवढेच. बदलायला गेले तर पाच देऊन पण समाधान होईना, मग खाली लिहायचा प्रयत्न केला आणि अर्धा तास बसून दोन ओळी झाल्या. त्या इथेच टाकते. 'माणूस आवडणं आणि माणसासाठी काही करणं यात केवढं अंतर आहे ते या माणसाला माहीत आहे आणि तरी तो काही करत नाही. मला चक्रधरचा राग आला आणि मग आठवलं की लोकलमध्ये दारात लटकलेल्या बाईला मी पण कधी सीट दिलेली नाही.' जरा जास्तच झालं का? असू दे.

तेवीस_किलो

न्यू जर्सीहून. आमच्याकडे टार्गेट एअरलाइन ठरवते. २३ किलोच्या दोन बॅगा, त्यात थालीपीठाची भाजणी, मेतकूट, लेकीचे ड्रेस, आईने ऐनवेळी कोंबलेला आंब्याचा मावा, हे सगळं वजन काट्यावर बसल्यावर जे उरतं त्यात पुस्तकं. दरवर्षी दहा-बाराच येतात त्यामुळे मला जाड पुस्तकाची भीती वेगळ्या कारणाने, एक मृत्युंजय आणलं की तीन बारीक राहतात तिकडेच. (ईबुक आहेत हो, माहितीये, पण मला मराठी फोनवर वाचलं की व्हॉट्सॲप वाचल्यासारखं वाटतं.)

माझा मोजण्याचा घोळ भलताच आहे. इरावती कर्व्यांचं युगांत मी मराठीतून वाचलं आणि लेकीने इंग्रजीतून, ते इंग्रजी कर्वेबाईंनी स्वतःच लिहिलंय. मग जेवताना आमची जुंपली. मला गांधारीवरचा लेख सगळ्यात आवडला, तिचं म्हणणं कृष्णाला जरा सूट दिलीये. खांडववन जाळण्यावर तर ती इतकी चिडली की डाळ गार झाली. तिची मराठी ऐकून समजते एवढीच आहे, पण आता म्हणते मला त्या पानावर मराठीत काय शब्द आहे ते दाखव. मग मी तिचं इंग्रजी पण वाचून काढलं, वाद जिंकायला. आता हे एक पुस्तक की दोन? मी दोन धरलीत. कोणी हरकत घेऊ नये, आमच्याकडे स्टॉक कमी असतो.

@खिडकीची_सीट तुझ्या ३१ मध्ये अजून काय काय आहे ते तरी सांग ना, डिसेंबरात येतेय, यादी करायचीये.

खिडकीची_सीट

@तेवीस_किलो वजनाला हलकं आणि वाचायला जड असं हवं असेल तर गोडसे भटजींचं माझा प्रवास. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर निघतो आणि जाऊन पडतो बंडाच्या मधोमध. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत. आणि भाषा अशी की आपले कोणीतरी आजोबा ओसरीवर बसून सांगतायत. लुटला जातो, परत कमावतो, परत लुटला जातो, आणि शेवटी आईवडिलांना अंघोळ घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी. लिहिलं बऱ्याच वर्षांनी आणि छापून आलं थेट १९०७ ला. मला इतिहास आवडत नाही, शाळेत ३७ मार्क होते, आणि हे वाचताना माझं ठाणे स्टेशन हुकलं. म्हणजे मला ठाण्याला उतरायचं नव्हतं, पण ते आलं आणि गेलं ते कळलंच नाही.

स्मृतिचित्रे तर न्याच. लक्ष्मीबाईंचे यजमान ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले त्यानंतरचा भाग वाचताना रडले आणि त्याच पानावर हसले. बाई स्वतःच्या फजित्या सांगताना जराही हात आखडता घेत नाहीत. त्यात स्वतःची कीव मात्र कुठेच नाही. आणि मी ते 'लवकर उरकू' म्हणून रोज ४० पानांच्या स्पीडने वाचलं, मूर्ख आहे मी.

माडगूळकरांची धनगरांच्या गावावरची बनगरवाडी मात्र, सगळे मारतील, मला मधेच थोडं संथ वाटलं. मास्तर गावात येतो तो भाग आणि दुष्काळाचा शेवट सोडला तर. परत वाचावं लागेल बहुतेक. काकांच्या चौथ्या रकान्यात 'होय' पण जरा भीत भीत.

शून्यातून_बारा

बनगरवाडी संथ??? मेंढरं आहेत ती ताई, लोकल नाही.

रंकाळ्यावरचा

त्यांना वाटलं तसं लिहिलं आहे, लिहू द्या. १९९१ च्या माझ्या वहीत कोसलाला 'नाही' आहे, मी खोडलेलं नाही.

खिडकीची_सीट

अपडेट. टार्गेट ४० केलं. काढूनच टाकणार होते पण @शून्यातून_बारा चं पटलं, मला थोडा धाक लागतो. सातपाटील परत काढलं, तिकिटाच्या पानावरून पुढे, आता ३४० वर आहे. उभ्याने धरून हात दुखतो आणि काल दादरला एका काकूंनी विचारलं एमपीएससी करतेयस का. वही पण घेतली, स्टेशनबाहेरून, चाळीस रुपये.

आणि हो, शनिवारी स्मृतिचित्रे परत करायला गेले होते वाचनालयात. द्यायच्या आधी सहज पान २१ उघडून बघितलं. काही नव्हतं. मग एकेक चाळत गेले आणि ५१ वर मिळालं, खाली उजव्या कोपऱ्यात, एक फुली, एक टिंब, एक इंग्रजी एस, आणि एक काहीतरी पक्ष्यासारखं. चार जण. ग्रंथपाल मॅडम फोनवर होत्या. पेन्सिल नव्हती माझ्याकडे, त्यांच्याच टेबलवरची उचलली.

तेवीस_किलो

काय काढलंस??

खिडकीची_सीट

खिडकी. चौकोन आणि दोन आडव्या सळ्या.

कडवट_कॉफी

छान. आता मुद्द्यावर या, दिवाळी अंकांचा संच कोणकोण मागवतंय, मी मौज आणि अजून दोन घेणार आहे, ठाणे-डोंबिवलीतलं कोणी अदलाबदल करणार असेल तर सांगा. राशिभविष्याचं पान फाडून घेणाऱ्यांनी लांब राहा, मागच्या वर्षीचा अनुभव आहे.